डोळ्याची खोबण आणि डोंगरातला रोगी



वसंत ऋतूतली व्याख्याने ऐकायला येणारा श्रोता साहित्य, इतिहास, राजकारण, समाजकारण यांच्या अपेक्षेने येतो. अशा श्रोत्यांपुढे एका दुर्मिळ नेत्ररोगाची कहाणी मांडण्यास आम्ही उभे राहिलो, याचे काहींना नवल वाटले असेल. हजारांत एखाद्याच्या वाट्याला येणारा रोग, त्यासाठी संध्याकाळचा तास कशाला खर्च करावा, असा प्रश्न कोणी विचारला तर तो गैर नाही. त्याचे उत्तर आम्ही आरंभीच देऊन ठेवतो. सामान्य रोग वैद्याच्या हाताची परीक्षा घेतो. दुर्मिळ रोग मात्र साऱ्या समाजाच्या व्यवस्थेची परीक्षा घेतो. ती परीक्षा मुंबईच्या मोठ्या इस्पितळात होत नसून मोखाड्याच्या एखाद्या पाड्यावर पहिल्याच दिवशी होते, हे आज आम्हाला आपल्यापुढे मांडायचे आहे.

प्रथम डोळ्याच्या घराची ओळख करून घेऊ. डोळा म्हटला की आपल्याला बुबुळ आठवते, पापण्या आठवतात, फार तर मोतीबिंदू आठवतो. परंतु डोळा ज्या हाडांच्या पोकळीत बसविलेला आहे, ती खोबण आपल्या ध्यानातच नसते. सात निरनिराळी हाडे एकमेकांना जुळून ही खोबण तयार होते. तिच्यात सुमारे ३० घनसेंटिमीटर ऐवज मावतो, आणि त्यातला जेमतेम पावभाग नेत्रगोल व्यापतो. उरलेल्या जागेत डोळा फिरविणारे सहा स्नायू, मेंदूकडे दृश्य नेणारा दृष्टिमज्जातंतू, अश्रुग्रंथी, रक्तवाहिन्या आणि या सर्वांना गादीसारखी जपणारी चरबी असा मोठा संसार आहे. नाकाकडची भिंत कागदासारखी पातळ असते, आणि शरीरशास्त्रज्ञांनी तिला नावही कागदाचेच दिले आहे. या घराला मागे मेंदूकडे जाणाऱ्या अरुंद फटी आहेत. मोठे दार मात्र एकच, ते समोरचे.

आता पूजेतला कलश डोळ्यांसमोर आणा. कलशाच्या तोंडावर नारळ ठेवलेला आहे. कलशात तांदूळ भरत गेलो तर काय होईल? कलश तांब्याचा, तो फुगणार नाही. नारळ तेवढा वर उचलला जाईल. खोबणीत सूज आली, गाठ आली, पू झाला किंवा रक्त साकळले की हाडांच्या भिंती हलत नाहीत, डोळा पुढे येतो. म्हणून डोळा पुढे येणे हा रोग नव्हे, ती रोगाची दवंडी आहे. आत काय घडले आहे हे मात्र ती दवंडी सांगत नाही.

ज्या रोगाविषयी आम्ही बोलणार, तो असा. धडधाकट माणसाचा एक डोळा दोनचार दिवसांत दुखू लागतो. पापणी सुजते, डोळा लाल होतो, तो हलविताना कळ येते, एकाच्या दोन वस्तू दिसू लागतात, आणि आरशात पाहावे तो डोळा थोडा पुढे आलेला. ताप बहुधा नसतो. आत जंतू नसतात, कर्करोगही नसतो. शरीराचे जे रक्षक दल परक्यावर तुटून पडण्यासाठी आहे, तेच काही न कळलेल्या कारणाने खोबणीतल्या आपल्याच घरावर चालून गेलेले असते. कधी एकच स्नायू सुजतो, कधी अश्रुग्रंथी, कधी सारी चरबी. आणि कधी खोबणीच्या अगदी टोकाशी, जेथून दृष्टिमज्जातंतू मेंदूकडे जातो तेथे, दाह होतो. हा शेवटचा प्रकार सर्वांत घातकी.

या रोगाचा इतिहासही बोधप्रद आहे. १९०५ साली बिर्च-हिर्शफेल्ड नावाच्या जर्मन नेत्रवैद्याने अशा काही रोग्यांचे वर्णन केले. खोबणीत गाठ आहे असे समजून त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली होती, आणि काढलेल्या मांसात गाठ नव्हतीच, नुसता दाह होता. तेव्हापासून या रोगाला ‘खोटी गाठ’ असे नाव पडले. या नावामागे किती डोळे नाहक गेले असतील, त्याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. पुढे स्पेनमधील तोलोसा यांनी १९५४ साली आणि हंट यांनी १९६१ साली, खोबणीच्या मागे दाह होऊन डोळ्याची हालचाल थांबणारे रोगी दाखवून दिले. या शतकाच्या आरंभी जपानी वैद्यांनी आणखी एक पडदा उचलला. आयजीजी-चार नावाच्या एका प्रथिनाशी निगडित असा एक दाहरोग आहे, तो स्वादुपिंडापासून अश्रुग्रंथीपर्यंत कोठेही उमटतो, आणि जुन्या ‘खोट्या गाठीं’पैकी काही मुळात याच रोगाच्या होत्या, असे दिसून आले. उरलेल्यांचे कारण आजही अज्ञात आहे. कारण सापडत नाही तोवर ‘अज्ञातहेतुक’ म्हणावे, हा वैद्यकाचा प्रामाणिकपणा आहे. पण त्या शब्दाआड लपून शोध थांबवावा, असा त्याचा अर्थ नव्हे.

येथे मुख्य अडचण पुढे येते. या रोगाची खूण अशी स्वतंत्र नाही. बाकीचे सर्व रोग एकेक करून नाकारावे, आणि शेवटी जो उरेल तो हा, असे त्याचे निदान करावे लागते. अंधारात पडलेली वस्तू दोरी आहे हे ठरविण्यापूर्वी ती साप नाही याची खात्री करून घ्यावी लागते, तशातला हा प्रकार. आणि कोणकोणते साप असू शकतात हे गावागावांवर, मुलखामुलखांवर अवलंबून असते. लंडनच्या पाठ्यपुस्तकातली यादी जशीच्या तशी जव्हारला लागू पडत नाही.

म्हणून आता आपण जव्हार-मोखाड्याकडे वळू. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. पण हे दोन तालुके त्यापूर्वीही डोंगरातच होते आणि आजही आहेत. मुकणे घराण्याचे जव्हार संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी अशी येथली वस्ती. पावसाळ्यात नाचणी, वरई आणि भात, आणि दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर, बांधकामावर पोटासाठी स्थलांतर. १९९२ साली वावर-वांगणीची बालके कुपोषणाने दगावली, तेव्हा या मुलखाचे नाव साऱ्या देशाने ऐकले. त्यानंतर सरकारी आरोग्यसेवा वाढली हे मान्य केले पाहिजे. उपकेंद्रे आहेत, प्राथमिक आरोग्य केंद्रे आहेत, मोखाड्यास ग्रामीण रुग्णालय आहे, जव्हारला राजे पतंगशहा यांच्या नावाचे कुटीर रुग्णालय आहे. तरी डोळ्याच्या खोबणीचा तज्ज्ञ हवा असेल तर एकतर त्र्यंबकेश्वरावरून नाशिक गाठावे लागते, नाहीतर विक्रमगड-मनोरच्या वाटेने किंवा कसाऱ्याची गाडी धरून ठाण्या-मुंबईकडे उतरावे लागते.

आता कल्पना करा, एखाद्या पाड्यावरच्या बारा वर्षांच्या मुलाचा डोळा रातोरात सुजला. घरचे म्हणतात, डोळे आले. कोणी म्हणतो, गांधीलमाशी चावली. भगताकडे नेतात, त्यात आम्हाला टीका करण्यासारखे काही दिसत नाही. भगत पाड्यावर आहे, डॉक्टर नाही. मूल आरोग्य केंद्रात पोहोचते तेव्हा तेथल्या तरुण डॉक्टरापुढे जी यादी असते ती अशी.

पहिला संशय जंतूंचा. कागदासारखी भिंत आम्ही सांगितलीच. नाकाशेजारच्या पोकळीतला पू ती ओलांडून खोबणीत येतो. मुलाला ताप असतो, ते मलूल असते. येथे शिरेतून प्रतिजैविक ताबडतोब सुरू झाले पाहिजे, कारण हा दाह मागे मेंदूकडे गेला तर प्राणावर बेतते.

दुसरा संशय पुष्कळांच्या मनात येत नाही, आणि या मुलखात तो आलाच पाहिजे. तो म्हणजे सिकलसेल. पालघरच्या आदिवासी समाजांत हा रक्तदोष आढळतो. भारतात त्याची नोंद प्रथम १९५२ साली निलगिरीतील आदिवासींत आणि आसामातील चहामळ्यांच्या मजुरांत झाली. विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशी बारीक वाहिन्यांत अडकतात आणि हाडाचा रक्तपुरवठा तुटतो. खोबणीच्या बाहेरच्या बाजूच्या हाडात, विशेषतः लहान मुलांत, मज्जा असते. ते हाड असे उपाशी पडले की एका रात्रीत पापणी सुजते, डोळा पुढे येतो, आणि चित्र हुबेहूब आमच्या दाहरोगासारखे किंवा जंतूंच्या सुजेसारखे दिसते. उपाय मात्र वेगळा. भरपूर पाणी, वेदनाशामक औषध, गरज पडल्यास रक्त, आणि डोळ्यावर सतत लक्ष. बहुतेक मुले शस्त्रक्रियेवाचून बरी होतात. अशा मुलाला घाईने स्टेरॉइड दिले तर सिकलसेलचा झटका उलट बळावण्याचा धोका असतो. रक्ताची प्राथमिक चाचणी साधी आणि स्वस्त आहे. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली, तीत महाराष्ट्रही आहे. त्या तपासणीचे कार्ड घरात जपून ठेवलेले असेल, तर एका डोळ्याचे निदान निम्मे झालेच म्हणून समजा.

तिसरा संशय क्षयाचा. फुप्फुसाबाहेरही क्षय होतो, खोबणीतही होतो. चौथा संशय पट्टकृमीच्या अंड्याचा. दूषित पाण्यातून वा न धुतलेल्या भाजीतून ही अंडी पोटात जातात, आणि कृमीची पिशवी डोळ्याच्या स्नायूत बसते. मांसाचा कधी स्पर्श न केलेल्या माणसालाही हे होऊ शकते. आवाजलहरींच्या तपासणीत, म्हणजे सोनोग्राफीत, पिशवी आणि तिच्यातला ठिपक्यासारखा कृमी पुष्कळदा स्पष्ट दिसतो. पाचवा संशय थायरॉइड ग्रंथीचा. डब्लिनच्या ग्रेव्ह्ज यांनी १८३५ साली ग्रंथी वाढणे आणि छाती धडधडणे यांचा संबंध दाखविला. त्याच रोगात डोळे बटबटीत होऊन पुढे येतात. मोठ्या माणसात डोळा पुढे येण्याचे सर्वांत नेहमीचे कारण हेच. सहावा संशय कर्करोगाचा. लहान मुलाच्या बाहुलीत मांजराच्या डोळ्यासारखी पांढरी चमक दिसली, किंवा डोळा दिवसेंदिवस न दुखता पुढे येत गेला, तर एक आठवडाही थांबू नये. सातवा संशय बुरशीचा. २०२१ साली करोनाच्या दुसऱ्या लाटेत काळ्या बुरशीने महाराष्ट्रात किती डोळे आणि किती प्राण घेतले, हे आपणापैकी कोणी विसरले नसेल. मधुमेह अनियंत्रित आणि वर स्टेरॉइडचा सढळ वापर, ही त्या बुरशीची आवडती जमीन होती.

हे सर्व संशय फिटले म्हणजे मग आपला दुर्मिळ दाहरोग उरतो. मोठ्या इस्पितळांतून खोबणीचे जे विकार येतात त्यांत तो साधारण दहातला एक असतो.

श्रोते विचारतील, एवढी यादी तपासायला यंत्रे लागणार, ती पाड्यावर कोठून आणायची? यंत्रे लागतात हे खरे. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या एका रुग्णालयात हौन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रोग्याच्या मेंदूचे चित्र काढले, आणि डोके न उघडता आत पाहण्याची सोय झाली. आज सीटी स्कॅनवर खोबणीतला एकेक स्नायू मोजता येतो. थायरॉइडच्या रोगात स्नायूचे पोट फुगते पण टोकाची दोरी बारीकच राहते. आमच्या दाहरोगात बहुधा दोरीही सुजते. एवढ्या खुणेवर तज्ज्ञ पुष्कळ काही सांगू शकतो. जेथे शंका राहते तेथे लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो.

पण पहिल्या दिवशी जे पाहायचे ते यंत्रावाचून पाहता येते, आणि ते परिचारिका, आशाताई, शाळामास्तर, कोणीही पाहू शकतो. दुसरा डोळा झाकून सुजलेल्या डोळ्याने समोरची बोटे मोजता येतात काय? डोळा चारी दिशांना फिरतो काय? लाल फडके दोन्ही डोळ्यांना सारखेच लाल दिसते, की दुखऱ्या डोळ्याला विटलेले दिसते? रंग विटका दिसू लागला तर दृष्टिमज्जातंतू दाबला जात आहे असे समजावे. ताप आहे काय? लघवीत वा रक्तात साखर आहे काय? अंगातली इतर हाडे दुखतात काय? या सहा प्रश्नांना पाच मिनिटे लागतात. नजर कमी झाली, डोळा जागचा हलेना, किंवा ताप आणि ग्लानी दिसली, तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी आणि उद्याची वाट पाहू नये. चिठ्ठीवर ‘डोळे आले’ असे न लिहिता ‘डोळा पुढे आला आहे’ असे लिहिले, तरी पुढच्या डॉक्टराचा अर्धा दिवस वाचतो.

आता उपचार. १९४८ साली अमेरिकेत हेंच यांनी सांध्यांच्या रोगाने जखडलेल्या एका स्त्रीला कॉर्टिझोन दिले आणि काही दिवसांत ती चालू लागली. १९५० साली त्यांना आणि आणखी दोन शास्त्रज्ञांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच कुळातले प्रेडनिसोलोन आज या रोगाचे मुख्य औषध आहे. मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे सुमारे एक मिलिग्रॅम, असे रोज सुरू करतात. पुष्कळदा दोन दिवसांत वेदना थांबते, डोळा मागे सरकू लागतो, आणि रोगी डॉक्टराला देव म्हणू लागतो.

भगिनींनो आणि बंधूंनो, येथेच आमचा खरा मुद्दा आहे. हे औषध इतके गुणकारी असल्यामुळेच ते धोक्याचे आहे. लसिकापेशींचा कर्करोगही याच गोळीने काही काळ मावळतो. तेव्हा गुण आला म्हणून निदान बरोबर होते, असे म्हणता येत नाही. आधी गोळी दिली आणि मागून तुकडा तपासला, तर चोराच्या पावलांवर आपणच झाडू फिरविला असे होते. अंगात लपलेला क्षय या गोळीने उफाळतो. अनवाणी चालणाऱ्या माणसाच्या पोटात मातीतून शिरलेला एक सूक्ष्म कृमी असतो. तो एरवी वर्षानुवर्षे गप्प राहतो आणि स्टेरॉइड मिळताच सर्व शरीरभर पसरू शकतो. साखर वाढते, रक्तदाब चढतो, हाडे ठिसूळ होतात, आणि ज्या डोळ्यासाठी औषध घेतले त्याच डोळ्यात मोतीबिंदू वा काचबिंदू होतो. रोगापेक्षा इलाज भयंकर, ही म्हण खरी ठरायला वेळ लागत नाही. म्हणून छातीचे चित्र, रक्तातली साखर, सिकलसेलची चाचणी आणि जंतांचे औषध, ही चार कामे पहिल्या गोळीच्या आधी झाली पाहिजेत. अपवाद एकच: नजर झपाट्याने जात असेल तर तज्ज्ञ थांबणार नाही, आणि थांबूही नये.

दुसरी गोष्ट काळाची. गुण दोन दिवसांत येतो, पण औषध दोनतीन महिने, कधी अधिक काळ, पायरीपायरीने उतरवावे लागते. मध्येच सोडले तर रोग उलटतो. आणि शरीराची स्वतःची ग्रंथी झोपी गेलेली असल्याने अचानक बंद केल्यास माणूस कोसळूही शकतो. पुष्कळांना रोग पुन्हा होतो, मग मेथोट्रेक्सेटसारखी दुसरी औषधे, तीही दर महिन्याच्या रक्ततपासणीसह, द्यावी लागतात.

हे पंचांग आता मोखाड्याच्या पंचांगाशेजारी ठेवून पाहा. भाद्रपदात औषध सुरू झाले, आश्विनात डोळा छान दिसू लागला, आणि दिवाळी उरकून कुटुंब भिवंडीकडे किंवा वसईकडे वीटभट्टीवर गेले. उचल आधीच घेतलेली असते, न जाऊन भागत नाही. उरलेल्या गोळ्या संपतात. भट्टीजवळचा दुकानदार जुन्या चिठ्ठीवर गोळ्या देतो, किंवा कोणीच देत नाही. शिमग्याला माणूस गावी परततो तो एका डोळ्याने. यात निष्काळजी कोण? रोगी नव्हे. त्याने पोट आणि डोळा यांत निवड केली, आणि ती निवड त्याच्यावर लादलेली होती.

तेव्हा उपाय काय, हे सांगितल्याशिवाय आम्ही खाली बसणार नाही. पहिला, रोग्याच्या हाती एक जाड कार्ड द्यावे, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवता येईल असे. त्यावर रोगाचे नाव, गोळीची आजची पायरी, पुढची पायरी, आणि ‘हे औषध एकाएकी बंद करू नये’ हे वाक्य मराठीत मोठ्या अक्षरांत असावे. दुसरा, उपचार सुरू करतानाच डॉक्टराने विचारावे, ‘दिवाळीनंतर कोठे जाणार?’ आणि त्या गावच्या आरोग्य केंद्राच्या नावे चिठ्ठी लिहावी. रक्तदाब विचारण्याइतकाच हा वैद्यकीय प्रश्न आहे. तिसरा, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसारख्या योजनांचा लाभ कोठे आणि कसा मिळतो, हे रोग्याबरोबर जाऊन सांगणारा माणूस हवा. मोठ्या इस्पितळाच्या दारात मोखाड्याचा माणूस औषधावाचून जितका अडतो, तितकाच कोणत्या खिडकीशी उभे राहावे हे न कळल्याने अडतो. आणि प्रत्येक फेरीला दोन माणसांची मजुरी बुडते.

चौथा उपाय आपल्या हातचा आहे. आपणापैकी कोणी बांधकाम काढले असेल, कोणाची वीटभट्टी असेल, कोणाचे औषधाचे दुकान असेल. आपल्या कामावरच्या मजुराचा डोळा सुजलेला दिसला तर त्याला एक दिवसाची पगारी रजा द्या आणि सरकारी दवाखान्यात पाठवा. दुकानदारांनी जुन्या चिठ्ठीवर स्टेरॉइडची गोळी देऊ नये. पण ‘नाही’ म्हणून परतही लावू नये, जवळचा डॉक्टर दाखवावा. आणि आपण शहाण्यासुरत्या मंडळींनीही सुजलेल्या डोळ्यात घरात पडलेले थेंब टाकण्याची सवय सोडावी.

दुर्मिळ रोग म्हणजे फार थोड्यांचा रोग. लोकसंख्येच्या हिशेबात तो नगण्य दिसतो, आणि अंदाजपत्रकात त्याला वेगळे सदर नसते. परंतु ज्याला तो होतो त्याच्या घरी तो शंभर टक्के असतो. वर सांगितलेल्या उपायांत एकही उपाय केवळ याच रोगासाठी नाही, हेही आपण ध्यानात घ्यावे. सिकलसेलचे कार्ड, पहिल्या दिवशीचे सहा प्रश्न, स्थलांतराची चिठ्ठी, बरोबर जाणारा माणूस, हे सर्व क्षयाच्या रोग्याला, बाळंतिणीला, मधुमेह्याला तितकेच उपयोगी आहे. एका दुर्मिळ रोग्यासाठी वाट नीट केली तर तिच्यावरून हजार सामान्य रोगी चालत येतील. ती वाट मुंबईहून मोखाड्याकडे आखण्याऐवजी मोखाड्याहून मुंबईकडे आखावी, एवढीच आमची विनंती आहे.